मंडळाचा कीबोर्ड, खरखरणाऱ्या केबली आणि हातात पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, भजन मंडळाचं सामान तुमच्याकडे सोपवलेलं. कीबोर्डचा अडॅप्टर जरा हलला की कीबोर्ड बंद पडतो, शिवाय त्याच्या दोन पट्ट्या वाजतच नाहीत. माइकच्या चार केबलींपैकी तीन खरखरतात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात सेल आतल्या आत पाझरलेत आणि ॲम्प्लिफायर सारखा गुणगुणतो. तुम्ही २५ वॅटचं आयर्न आणलंत, कीबोर्ड उघडून सॉकेटला टाका मारून पाहिलात, तर सोल्डरचे गोळे होऊन घरंगळले आणि बोर्डावरची तांब्याची टिकलीच उचकटून आली. दिवाळीनंतर गावची मंडई (जत्रा) आहे, तोवर सामान चालू करायचं आहे आणि त्यातूनच सोल्डरिंगही शिकायचं आहे. तर आधी काय उघडू, आणि सोल्डर चिकटत का नाही?

यात दोन कामं एकमेकांत गुंतली आहेत: हात बसवणं आणि बिघाड शोधणं. हात बसेपर्यंत पन्नास-शंभर टाके बिघडणारच. ते मंडळाच्या कीबोर्डवर बिघडू नयेत, एवढीच काळजी घ्यायची. बिघाड नक्की कुठे आहे हे न पाहता आयर्न तापवलं तर चांगले टाके उकलण्यातच दिवस जातो.

तुम्ही सांगितलेल्या पाच बिघाडांत सरळ सोल्डरिंगची कामं दोनच आहेत, केबली आणि कीबोर्डचं सॉकेट. न वाजणाऱ्या पट्ट्या हे बहुतेक वेळा साफसफाईचं काम असतं. तानपुऱ्यात आधी घासावं लागेल, शेवटी एखादा टाका. आणि ॲम्प्लिफायरची गुणगुण बऱ्याचदा त्या खराब केबलींमुळेच असते. म्हणून क्रम असा धरा: आधी केबली, मग तानपुरा, मग कीबोर्ड. ॲम्प्लिफायरचं झाकण सध्या उघडू नका, कारण खाली सांगतो. कीबोर्ड किती जुना आहे, बोर्ड कसला आहे आणि तुमच्याकडे लाइन कशी असते, यावर थोडंफार मागेपुढे होईल. पण हा क्रम सहसा बदलावा लागत नाही.

आता सोल्डर चिकटत का नाही ते पाहू. गावाकडे पहिला संशय व्होल्टेजवर घ्यावा. साध्या आयर्नची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी-जास्त होते. २३० व्होल्टला २५ वॅट देणारं आयर्न १७० व्होल्टला जेमतेम १४ वॅट देतं. संध्याकाळी सगळ्यांचे मोटारपंप आणि घरातले दिवे एकदम चालू झाले की नेमकं हेच होतं. बिट (आयर्नची पुढची तापणारी कांडी) गरम लागते, सोल्डर वितळतंही, पण टिकलीला आणि सॉकेटच्या पायाला तापवण्याइतकी उष्णता त्यात उरत नाही. मग आपण आयर्न तिथेच दाबून धरतो. दहा-पंधरा सेकंद झाले की टिकलीखालचा गोंद सुटतो आणि टिकली वर येते. म्हणजे तुमची टिकली आयर्न फार गरम होतं म्हणून उचकटली नसावी. ते थंड होतं आणि म्हणून फार वेळ टेकलं, असंच बहुधा झालं. पहाटे किंवा रात्री उशिरा लाइन बरी असते, तेव्हा काम करून पाहा. टेम्परेचर कंट्रोलचं आयर्न घेता आलं तर ते व्होल्टेज उतरल्यावरही बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण शिकायला २५ वॅटचं साधंही पुरतं.

दुसरं कारण काळी पडलेली बिट. तापलेल्या बिटवर हवेने थर चढतो आणि त्या थरातून उष्णता नीट पुढे जात नाही. आयर्न तापायला लागलं की पहिल्या मिनिटातच बिटच्या टोकाला सोल्डर लावा, ओल्या स्पंजवर पुसा, पुन्हा लावा. टोक चांदीसारखं चकचकीत दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक दोन-तीन टाक्यांनंतर तसंच दिसत राहिलं पाहिजे. ठेवताना टोकावर सोल्डरचा थेंब राहू द्या, तो बिटचं रक्षण करतो. बिट काळी झाली म्हणून लगेच कानस चालवू नका. साध्या तांब्याची बिट असेल तर कानस चालते. वरून लोखंडाचा मुलामा दिलेली असेल तर मुलामा निघाला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि थोड्याच दिवसांत टोकाला खड्डा पडतो.

तिसरं कारण सोल्डर वायर आणि पेस्ट (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती). ६०/४० लिहिलेली, आत रोझिन (राळ) असलेली, २२ गेजची वायर घ्या; म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर. ती १८३ अंशांना वितळायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. बिनशिशाच्या वायरला २१७ च्या पुढे जावं लागतं, ती नवशिक्याला जड जाते. कल्हईचं कथील आणि पत्र्याच्या कामाचं ॲसिड बोर्डाजवळ आणूच नका. ॲसिडने टाका पटकन बसतो, पण मागे राहिलेलं ॲसिड तांबं खात राहतं आणि काही महिन्यांत तिथे हिरवी बुरशी दिसते.

आता खुद्द टाका. आयर्न सोल्डरला लावायचं नसतं, कामाला लावायचं असतं. बिटचं टोक असं टेकवा की ते टिकलीलाही लागेल आणि पायालाही. मनात एक सेकंद मोजा. मग सोल्डर वायर दुसऱ्या बाजूने आणा आणि बिटला न लावता पायालाच लावा. पाय पुरेसा तापला असेल तर वायर टेकताच वितळते आणि पाणी जसं गवताच्या मुळाशी ओढलं जातं तसं सोल्डर पायाभोवती ओढलं जातं. आधी वायर काढा, अर्ध्या सेकंदाने आयर्न काढा. सगळं मिळून तीन सेकंद. गार होईपर्यंत पाय हलू देऊ नका, फुंकरही मारू नका. चांगला टाका लहानशा डोंगरासारखा दिसतो, उतार आत वळलेला आणि कडा टिकलीत मिसळून गेलेली. गोळा टिकलीवर नुसता बसल्यासारखा दिसत असेल तर खाली धरलेलं काही नाही. दाणेदार, मळकट दिसला तर गार होताना हलला. जुन्या बोर्डावर बिनशिशाचं सोल्डर असेल तर ते चांगलं असूनही मळकट दिसतं, त्याला उगाच हात लावू नका.

सरावासाठी एक झिरो पीसीबी (नुसती भोकं असलेला कोरा बोर्ड) आणि मूठभर रेझिस्टर घ्या. शंभर टाके मारा, मग त्यातले तीस सोल्डर ओढायच्या पंपाने उकला. उकलणं मारण्याइतकंच शिकावं लागतं, आणि दुरुस्तीत आधी उकलायचंच असतं. आयर्न, वायर, पेस्ट, सोल्डर ओढायचा पंप, कटर आणि बझरवाला साधा मल्टिमीटर, हे सगळं नागपूरला सीताबर्डीत मिळतं. साध्या प्रतीचं घेतलं तर अंदाजे हजार-बाराशेत बसतं. आयर्न मात्र तीन पिनचं घ्या आणि अर्थिंग असलेल्या बोर्डवरच लावा.

सुरक्षेच्या तीन गोष्टी मनापासून सांगतो, कारण गावाकडे त्या खरोखर घडतात. एक, लाइन गेली की आयर्नचा प्लग लगेच काढा. आपण उठून बाहेर जातो, तासाभराने लाइन येते आणि आयर्न सतरंजीवर तापत राहतं. शेजारी तणशीचा ढीग असेल तर सांगायलाच नको. दोन, सोल्डरमध्ये शिसं आहे. त्याचा धूर होत नाही, पण ते बोटांना लागतं. काम करता करता खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटला की ते सरळ तोंडात जातं. आधी साबणाने हात धुवा, मगच खर्रा, चहा, जेवण. लहान मुलांना त्या जागी बसू देऊ नका. तीन, दिसतो तो धूर रोझिनचा असतो आणि त्याने दम्याचा त्रास वाढतो. खिडकीजवळ बसा. डोक्यावरच्या पंख्याने टाका गार होतो, म्हणून टेबल फॅन बाजूला ठेवून धूर खिडकीबाहेर जाईल असा लावा.

आता केबली. शिकायला यापेक्षा चांगलं काम नाही: आत करंट नसतो, बिघडली तर दोन इंच कापून पुन्हा करता येते, आणि दुरुस्त झाली की मंडळाला लगेच उपयोगी पडते. मल्टिमीटर बझरवर ठेवा; दोन टोकांमध्ये तार सलग असेल तर तो वाजतो. पी-३८ पिनच्या (जाड, एकाच दांड्याच्या जॅकच्या) केबलीत टोक ते टोक वाजलं पाहिजे, दांडा ते दांडा वाजलं पाहिजे, आणि टोक ते दांडा अजिबात वाजता कामा नये. एक्सएलआर (माइकची तीन पिनांची गोल जोडणी) असेल तर १ ला १, २ ला २, ३ ला ३, आणि आपसांत काहीच नाही. बझर वाजत असताना केबल पिनेजवळ हळूहळू वाकवा. जिथे आवाज तुटतो तिथे तार तुटली आहे. बहुतेक वेळा ती जागा पिनेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर सापडते, कारण ओढ आणि वाक तिथेच बसतो.

तुटलेल्या जागी जुन्याच तारेला पुन्हा टाका मारू नका. जुन्या तारा काळवंडलेल्या असतात, सोल्डर त्यांना धरत नाही. पाच सेंटिमीटर सरळ कापून टाका आणि ताज्या तांब्यावर काम करा. आणि पिनेची वरची टोपी आधी केबलीत ओवा. हे प्रत्येक जण एकदा तरी विसरतो, मग झालेलं सगळं काम उकलावं लागतं. बाहेरचं रबर साधारण २० मिलिमीटर सोला, आतल्या तारेभोवतीची तांब्याची जाळी पिळून एक दोर करा, आतल्या तारेचं टोक ४ ते ५ मिलिमीटर सोला. तारेला वेगळं सोल्डर पाजा, पिनेच्या कानालाही वेगळं पाजा, मग दोन्ही एकत्र धरून एक सेकंद आयर्न टेकवा. नवीन सोल्डर फारसं लागतच नाही. आतलं प्लास्टिक आयर्नसमोर मागे सरकतं, म्हणून इथे रेंगाळायचं नाही.

एक्सएलआरमध्ये १ नंबरला जाळी, २ आणि ३ ला आतल्या दोन तारा. दुसऱ्या टोकाला ज्या रंगाची तार २ ला आहे तीच इथेही २ ला. नर आणि मादी पिनेत आकड्यांची जागा उलटी दिसते, म्हणून अंदाजाने करू नका. पिनेजवळ बारीक आकडे कोरलेले असतात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. टाका मारताना पिनेत तिची जोडीदार पिन खोचून ठेवा. प्लास्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत आणि जास्तीची उष्णताही जोडीदार पिन ओढून घेते. शेवटी केबलीचा पट्टा बाहेरच्या रबरावर घट्ट आवळा. सगळी ओढ पट्ट्याने घ्यायची, टाक्याने नाही. पट्टा सैल राहिला तर तीच केबल पुढच्या सप्ताहात पुन्हा तुमच्यासमोर येईल.

तिन्ही केबली झाल्या की ॲम्प्लिफायर पुन्हा लावून पाहा. जाळीची तार तुटलेली केबल लावली की ॲम्प्लिफायर गुणगुणतो, कारण आतली तार उघडी पडून घरातल्या लाइनची गुणगुण उचलते. एकेक केबल काढून पाहा. जिच्याबरोबर गुणगुण जाते ती दोषी.

तानपुरा पटकन उरकतो. साध्या सेलांतून पाझरलेलं आम्लधर्मी असतं, त्यावर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट ब्रशने लावा आणि ओल्या फडक्याने पुसून काढा. अल्कलाइन सेल असतील तर सोड्याऐवजी लिंबाचा रस. मग पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगवर हिरवट थर असेपर्यंत सोल्डर धरणार नाही. पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासा, किंचित सोल्डरिंगची पेस्ट लावा आणि मगच तार जोडा. स्प्रिंग पार खाल्ली गेली असेल तर जुन्या रिमोटची काढून बसवा.

मग कीबोर्ड. तो अडॅप्टरच्या ९ ते १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे अंगाला धोका नाही. धोका कीबोर्डलाच असतो. अडॅप्टर आणि सेल दोन्ही काढा. मागचे स्क्रू वीस-तीसही असू शकतात आणि लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कीबोर्डचं चित्र काढून जो स्क्रू जिथला तिथेच खोचून ठेवा. लांब स्क्रू भलत्या जागी आवळला तर तो बोर्डात घुसतो. उघडताना झटका देऊ नका, दोन्ही अर्ध्या भागांना जोडणाऱ्या पट्टी-केबली (चपट्या केबली) असतात. प्रत्येक जोडाचा फोटो घ्या.

न वाजणाऱ्या दोन पट्ट्या कोणत्या, ते आधी पाहा. एखाद-दुसरीच बंद असेल, किंवा हळू दाबली तरी एकदम जोरात वाजत असेल, तर पट्टीखालच्या रबरातल्या काळ्या कार्बनच्या टिकल्यांवर धूळ बसली आहे. रबराची पट्टी काढा, कार्बन आणि बोर्डावरची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसा, वाळू द्या, बसवा. घासू नका, कार्बनचा थर फार पातळ असतो. ठरावीक अंतराने अनेक पट्ट्या बंद असतील तर मात्र बिघाड पट्टी-केबलीत किंवा बोर्डावरच्या एखाद्या रेषेत असतो.

सॉकेटचे टाके का सुटतात? अडॅप्टरच्या वायरीत कुणाचा तरी पाय अडकतो आणि ती ओढ सॉकेटच्या पायांवर येते. पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसेल. तिरका उजेड टाकून मोबाइलने पाहा. सॉकेटला बहुधा तीन पाय असतात: एक मधल्या पिनेचा, एक बाहेरच्या कड्याचा आणि एक सेलची लाइन तोडणारा. भेगेवर नुसतं आयर्न फिरवू नका. जुन्या सोल्डरवर थोडं नवीन सोल्डर वितळवा. दोन्ही मिसळली की कमी उष्णतेला पातळ होतात. मग पंपाने ओढून घ्या आणि स्वच्छ पायावर नवा टाका मारा.

तुमची उचकटलेली टिकली ही अडचण आहे, पण कीबोर्ड त्याने वाया गेलेला नाही. लोंबणारा तुकडा कापा. त्या टिकलीपासून निघणारी तांब्याची रेषा शोधा आणि तिच्यावरचं हिरवं आवरण ब्लेडने ३ ते ४ मिलिमीटर खरवडा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. त्यावर सोल्डर पाजा. मग बारीक, प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचं एक टोक तिथे आणि दुसरं सॉकेटच्या पायाला जोडा. त्याआधी सॉकेट दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने बोर्डाला चिकटवा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. टिकली गेल्यावर सॉकेटला धरून ठेवणारं तिथे काही उरलेलं नाही, आणि नुसत्या तारेवर ते चार दिवस टिकणार नाही.

बंद करण्यापूर्वी बझरने पाहा की मधली पिन आणि बाहेरचं कडं आपसांत वाजत नाहीत. अडॅप्टरही तपासा. कॅसिओच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना मध्ये ऋण लागतं, यामाहाच्या १२ व्होल्टवाल्यांना मध्ये धन. कीबोर्डच्या मागे, सॉकेटजवळ छोटं गोल चिन्ह छापलेलं असतं, तेच प्रमाण मानायचं. बाजारातला उलट ध्रुवाचा अडॅप्टर लावला आणि आत संरक्षणाचा डायोड नसला तर आतले भाग क्षणात जळतात.

ॲम्प्लिफायर का उघडायचा नाही, तेही सांगतो. आत २३० व्होल्ट आहेत, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइन असेल तर चालू ॲम्प्लिफायरच्या मागच्या टर्मिनललाही झटका बसतो. तुमच्या हातात येतील ती कामं बाहेरची: केबली, पिना, भोंग्याच्या वायरी, फ्यूज. फ्यूज त्याच आकड्याचा घाला. तार गुंडाळून चालवला तर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळेल. केबली बदलूनही गुणगुण राहिली तर आतले फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता आहे. ते काम जाणकाराकडे द्या आणि शेजारी बसून पाहा: तो आधी ४७० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने कपॅसिटर कसा रिकामा करतो, वर मीटर लावून खात्री कशी करतो, आणि पहिल्यांदा चालू करताना साधा पिवळा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये का ठेवतो. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ॲम्प्लिफायर वाचतो. एलईडी बल्बने हे होत नाही.

मंडईच्या आठवडाभर आधी कीबोर्ड अडॅप्टरवर सलग दोन तास वाजवा आणि अधूनमधून अडॅप्टरची पिन हलकेच वर-खाली करा. बंद पडला तर अजून एक टाका कच्चा आहे, आणि तो शोधायला हाताशी वेळ आहे. अडॅप्टरच्या वायरीचा एक वेढा स्टँडच्या पायाला मारून ठेवा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ स्टँडवर जाईल. आणि कार्यक्रम संपल्यावर केबली कोपरावर करकचून गुंडाळू न देता हातभर मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवायला मंडळातल्या सगळ्यांना सांगा. करकचून गुंडाळल्यानेही आतली तार तुटते.